सांध्यांच्या गोळ्या : एक हिशेब

ज्या घरात पन्नाशी ओलांडलेले एक तरी माणूस आहे, त्या घरात हल्ली गुडघ्यांचा विषय निघाल्यावाचून आठवडा जात नाही. विषय निघाला की गोळ्यांचे नाव निघतेच. कोणाला त्या औषधाच्या दुकानदाराने सांगितलेल्या असतात, कोणाला शेजाऱ्यांनी, तर कोणाला परदेशातून सुटीवर आलेल्या मुलीने डबाच आणून दिलेला असतो. डब्यावर सांध्यांच्या आरोग्याची आणि झिजलेल्या भागाच्या पुनर्बांधणीची भाषा असते. आमचे काम कामगार संघटनेचे. हमाल, यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे कामगार, गवंडी, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनी ह्या सर्वांचे भांडवल म्हणजे त्यांचे हातपाय. त्यामुळे 'ह्या गोळ्या घ्याव्या की नाही?' हा प्रश्न आमच्याकडे वर्गणीच्या पावतीइतकाच नेमाने येतो. आम्ही वैद्य नव्हे. परंतु घामाचा पैसा कोठे जातो व त्याच्या बदल्यात काय मिळते, हे विचारणे आमचे कामच आहे. तोच हिशेब आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम सांधा म्हणजे काय ते पाहू. दोन हाडे जेथे मिळतात तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या, चिवट पदार्थाचा थर असतो. ह्याला कूर्चा म्हणतात. बोकडाच्या नळीच्या टोकाला जी चकचकीत पांढरी टोपी दिसते, ती हीच. कूर्चेचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. ते पाणी धरून ठेवणारे पदार्थ आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू मिळून तिची घडण होते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला अन्न मिळते कसे? सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. पाऊल टेकले की कूर्चा दबते व तिच्यातील द्रव बाहेर पडतो. पाऊल उचलले की ती पुन्हा फुगते व ताजा द्रव शोषून घेते. पाण्यात बुडविलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसे हे चालते. म्हणजे कूर्चेला अन्न पोचविणारा पंप आपली हालचाल हाच होय. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

रक्तपुरवठा नसल्यामुळे एकदा झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. झिजेबरोबर हाडांच्या कडा वाढतात, सांध्याच्या आवरणाला सूज येते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि माणूस जिना उतरताना कठडा धरू लागतो. डॉक्टर ह्यास ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपण सांध्यांची झीज म्हणू. सकाळी तासभर बोटे आखडून राहतात व दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, तो आमवाताचा प्रकार वेगळा. पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन ठणकतो, तो गाऊट वेगळा. त्यांचे उपचार वेगळे आहेत व ते वेळेवर करावेच लागतात. डब्यातील गोळीवर महिने काढून आमवाताचा उपचार लांबविला, तर सांधे कायमचे वाकडे होण्याची भीती असते. म्हणून पहिला रुपया गोळीवर नव्हे, निदानावर खर्च करावा.

आता गोळीकडे वळू. ह्या गोळ्यांत मुख्यत्वे दोन पदार्थ असतात. एक ग्लुकोसामीन. १८७६ साली गेओर्ग लेडरहोझ ह्या जर्मन संशोधकाने कवचधारी प्राण्यांच्या कवचातील कायटीन आम्लात विरघळवून हा साखरेच्या जातीचा पदार्थ प्रथम वेगळा केला. आजही तो बव्हंशी कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासूनच काढतात. दुसरा कॉन्ड्रॉइटीन. हा गाईगुरांच्या श्वासनलिकेच्या, डुकरांच्या किंवा शार्क माशांच्या कूर्चेपासून मिळवितात. हे दोन्ही पदार्थ आपल्या कूर्चेच्या घडणीत आहेत, हे खरे आहे. ह्या खऱ्या गोष्टीवरून विक्रेता पुढील पायरी चढतो : जे झिजले तेच तोंडाने खा, म्हणजे झीज भरून येईल.

हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. म्हणूनच तो खपतो. परंतु पोट म्हणजे काही गुडघ्याचे कोठार नव्हे. आपण जे खातो त्याचे आतड्यात तुकडे होतात, ते रक्तात जातात आणि त्यांचे काय करावयाचे ते शरीर ठरविते. केस खाऊन कोणाचे केस वाढत नाहीत. अर्थात, युक्तिवाद कच्चा आहे एवढ्यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. कारण ठाऊक नसतानाही गुण देणारी औषधे पुष्कळ झाली. गुण येतो की नाही, हे घेऊन पाहूनच ठरवावे लागते. आणि 'घेऊन पाहणे' कसे असावे, हा खरा प्रश्न आहे.

सांध्यांचे दुखणे भरतीओहोटीसारखे असते. चार दिवस फार, आठ दिवस कमी. माणूस गोळी विकत घेतो तो भरतीच्या दिवशी. पुढे ओहोटी लागायचीच असते. ती लागली की श्रेय गोळीला मिळते. शिवाय कोणी आपली विचारपूस केली, उपाय सांगितला, ह्यानेही दुखणे हलके वाटते, आणि ते वाटणे खोटे नसते. म्हणून शास्त्रज्ञ रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात. एका गटाला खरी गोळी देतात व दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली कोरी गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते व तपासणाऱ्यालाही. शेवटी दोन गटांत फरक किती पडला ते मोजतात. दोन तराजूंवर एकच पोते घालून पाहावे, तशी ही रीत आहे.

असा मोठा प्रयोग अमेरिकेत सरकारी पैशाने झाला व त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. गुडघे झिजलेल्या १,५८३ रुग्णांचे पाच गट केले होते. रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामीन, १,२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटीन, दोन्ही मिळून, सेलेकॉक्सिब नावाचे वेदनाशामक, आणि कोरी गोळी. चोवीस आठवड्यांनंतर दुखणे किमान एकपंचमांशाने कमी झालेले रुग्ण मोजले. कोरी गोळी घेणाऱ्यांत शंभरापैकी साठांना गुण आला. ग्लुकोसामीन घेणाऱ्यांत चौसष्टांना, कॉन्ड्रॉइटीन घेणाऱ्यांत पासष्टांना, दोन्ही घेणाऱ्यांत सदुसष्टांना आणि वेदनाशामक घेणाऱ्यांत सत्तरांना. योगायोगापलीकडचा म्हणता येईल असा फरक फक्त वेदनाशामकाचाच ठरला. ह्या आकड्यांत श्रोत्यांनी साठाचा आकडा विसरू नये. आपल्या ओळखीचे जे गृहस्थ शपथेवर सांगतात की 'मला गोळीने गुण आला', ते खोटे बोलत नाहीत. परंतु शंभरातील साठांना कोऱ्या गोळीनेही तसाच गुण आला असता.

ह्याच प्रयोगात एक गोष्ट गोळीच्या बाजूची निघाली. ज्यांचे दुखणे मध्यम ते तीव्र होते त्यांच्यात दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या शंभरापैकी एकोणऐंशी जणांना गुण आला, तर कोऱ्या गोळीने चोपन्नांना. हा गट लहान होता, म्हणून ती गोष्ट पुन्हा तपासणे जरूर होते. पुढे युरोपात तीव्र दुखण्याच्या ६०६ रुग्णांवर दोन्हींची एकत्र गोळी वेदनाशामकाच्या बरोबरीची ठरली. पण त्या प्रयोगात कोऱ्या गोळीचा गटच नव्हता. स्पेनमधील १६४ रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगात तो होता. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले : कोरी गोळी घेणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले आणि प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. तत्पूर्वी २०१० साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दहा प्रयोगांतील ३,८०३ रुग्णांचे आकडे एकत्र तपासले होते. रुग्णाला जाणवेल एवढा फरक त्यांना आढळला नाही. आणखी एक गोष्ट आढळली, ती आमच्यासारख्या माणसाला लगेच कळते : उत्पादकांच्या पैशाने झालेल्या प्रयोगांत गुण जास्त दिसला होता, स्वतंत्र प्रयोगांत कमी.

तज्ज्ञांचे ह्यावर एकमत आहे काय? पूर्ण नाही. युरोपातील एका तज्ज्ञमंडळाने २०१९ साली डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या शुद्ध स्फटिकरूप ग्लुकोसामीनची शिफारस केली. उलट अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याच वर्षीच्या मार्गदर्शिकेत गुडघ्यासाठी ग्लुकोसामीन घेऊ नये असे निक्षून सांगितले, आणि ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने २०२२ साली ते रुग्णांना देऊ नये असे म्हटले. आमच्या हिशेबाने तात्पर्य असे : गुण असलाच तर तो फार लहान आहे, आणि तो मिळेलच ह्याची हमी नाही.

बाजारात ह्या दोघांची भावंडेही पुष्कळ आहेत. कोलॅजेनची पूड जनावरांच्या कातड्यापासून किंवा माशांपासून करतात. तिच्यावरील प्रयोग बरेचसे लहान आहेत व त्यांतील पुष्कळ उत्पादकांच्या पैशाने झालेले आहेत. कोलॅजेन शरीरालाच तयार करावे लागते, व त्यासाठी प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. ते डाळ, अंडी, मासे, आवळा, पेरू, लिंबू ह्यांतून मिळते. ड जीवनसत्त्व ज्याला कमी आहे त्याने हाडांसाठी जरूर घ्यावे. परंतु ऑस्ट्रेलियात ४१३ रुग्णांना ते दोन वर्षे देऊन पाहिले, त्याने झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे कोऱ्या गोळीहून अधिक कमी झाले नाही, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. माशाच्या तेलाचा आमवातात थोडा उपयोग होतो; त्याच जातीचे क्रिल नावाच्या समुद्रजीवाचे तेल गुडघ्याच्या झिजेवर देऊन पाहिले, त्यात २०२४ सालच्या प्रयोगात गुण दिसला नाही.

हळदीची गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवरील प्रयोगात हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयब्युप्रोफेनच्या जवळपास उतरला. ह्याचे निष्कर्ष २०१४ सालचे. पण तो अर्क होता. स्वयंपाकघरातील हळदीत कर्क्युमीनचे प्रमाण शंभर भागांत तीन भागांच्या आसपास असते; दुधातील चिमूटभर हळद म्हणजे तो अर्क नव्हे. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात वाढणाऱ्या सालईच्या डिंकाचा, म्हणजे शल्लकीचा, प्रयोग नागपुरात झाला व २००३ साली प्रसिद्ध झाला. दुखणे व सूज कमी झाली. पण रुग्ण होते अवघे तीस. २०१४ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात शल्लकीचा किंचित फायदा दिसला. तेव्हा देशी म्हणून डोक्यावर घेऊ नये व देशी म्हणून हिणवूही नये. मोठे, स्वतंत्र प्रयोग व्हावेत, ही मागणी मात्र करावी.

'गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना?' असे पुष्कळ जण म्हणतात. बहुतेकांना खरोखरच अपाय होत नाही. तरीही चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन घेणाऱ्यांनी ग्लुकोसामीन, कॉन्ड्रॉइटीन किंवा हळदीचा अर्क डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. रक्तस्रावाची भीती असते. कोळंबी-खेकड्यांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी सावध राहावे. हळदीच्या तीव्र अर्काने काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. ज्या गोळीने किंवा पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, तिचा संशय घ्यावा. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांध्यांसाठी 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत वेष्टनावर न लिहिलेले डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड सापडले. असे स्टेरॉइड नकळत महिनोन्महिने पोटात गेले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि ते एकदम बंद केले तर जिवावरही बेतते.

कायदा काय करतो? अमेरिकेत १९९४ साली असा कायदा झाला की पूरक पदार्थ विकण्यापूर्वी त्याचा गुण सिद्ध करावा लागत नाही. १९९७ साली ह्या गोळ्यांची तरफदारी करणारे एक पुस्तक तेथे अतिशय खपले, आणि गोळ्यांची लाट उठली. आपल्याकडे अशी बहुतेक उत्पादने अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली आरोग्यपूरक अन्न म्हणून येतात. ती औषधी वापरासाठी नाहीत असे वेष्टनावर लिहावे लागते. श्रोत्यांनी घरी गेल्यावर डबा फिरवून ही ओळ शोधावी. समोर मोठ्या अक्षरांत गुडघ्याचे चित्र आणि मागे बारीक अक्षरांत हे वाक्य! सांध्यांना 'आधार' देणे हा असा शब्द आहे की त्याबद्दल कोणाला कोर्टात खेचता येत नाही.

आता पैशाचा हिशेब. दिवसाला तीस रुपये धरले, तरी वर्षाचे १०,९५० रुपये होतात. ज्याला ते जड नाहीत व डॉक्टरांची हरकत नाही, त्याने तीन महिने घेऊन पाहावे, दुखण्याची रोजची नोंद ठेवावी, आणि फरक नसेल तर बंद करावे. परंतु मजुरी करणाऱ्या माणसाचे दहा हजार रुपये म्हणजे मुलाची फी, किंवा वर्षभराच्या डाळीचा मोठा हिस्सा. ते खर्चण्याआधी ज्यांचा गुण अधिक भरवशाचा आहे असे उपाय करून पाहावेत.

पहिला उपाय व्यायामाचा. कूर्चेचा पंप हालचालीने चालतो हे आपण पाहिलेच. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच-दहा अंक मोजेपर्यंत धरावा, सोडावा. असे दहा वेळा, दोन्ही पायांचे, सकाळ-संध्याकाळ. जोडीला सपाट रस्त्यावर चालणे. इथेही आम्ही वाढवून सांगणार नाही. २०१५ साली ५४ प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात शंभर गुणांच्या मापावर दुखणे सुमारे बारा गुणांनी उतरले. २०२४ सालच्या नव्या आढाव्यात हा आकडा आणखी खाली आला. गुण माफकच, पण त्याला पैसे पडत नाहीत, आणि मांडीला बळ येते ते वेगळेच. दुसरा उपाय वजनाचा. स्थूल माणसाने एक किलो वजन उतरविले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजमाप आहे. तिसरा, गुडघ्याला बाहेरून लावावयाचे डायक्लोफिनॅकसारखे मलम. पोटातील गोळ्यांपेक्षा ते सुरक्षित. चौथा, काठी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठी घेण्यात कमीपणा कसला? पडून हाड मोडण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

ह्या सर्व उपायांत एक उणीव आहे, आणि गोळीतही तीच आहे. सगळे उपाय एकट्या माणसाने आपल्या खर्चाने करावयाचे. परंतु पुष्कळांचे गुडघे एकट्याच्या दोषाने झिजलेले नसतात. केलग्रेन आणि लॉरेन्स ह्या दोन डॉक्टरांनी इंग्लंडमधील कोळसाखाणींतील कामगारांच्या गुडघ्यांची क्ष-किरण तपासणी करून १९५२ साली दाखवून दिले की त्यांच्यात झीज इतरांपेक्षा जास्त आहे. पुढे १९९१ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात, गुडघे वाकवून अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत झिजेचा धोका सुमारे दुप्पट निघाला. ब्रिटनने खाणकामगारांच्या गुडघ्याची झीज भरपाईला पात्र असा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केली ती २००९ साली, आणि फरशी-गालिचे बसविणाऱ्यांची २०१२ साली. क्ष-किरणाने जे दिसले ते कायद्याला दिसायला सत्तावन्न वर्षे लागली. आपल्या १९२३ सालच्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत शिसे, पारा, सिलिकाची धूळ ह्यांनी होणारे रोग आले. हमालाचा गुडघा आला नाही.

हमालाच्या पाठीवरचे पोते आणि त्याचे स्वतःचे वजन असा भेद गुडघा करीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली आहे. पोते लहान करणे, हातगाडी देणे, धुणीभांडी करणाऱ्या बाईला उकिडवे बसून फरशी पुसायला न लावता लांब दांड्याचा पोछा देणे, दुकानात उभे राहणाऱ्या मुलीला स्टूल देणे, हे सगळे गुडघ्यांचे उपचारच आहेत. केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कामगारांचा बसण्याचा हक्क कायद्यात घातला. तो हक्क कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी मागितला, तेव्हा मिळाला. ह्या सभेतील पुष्कळ श्रोते कोणा ना कोणाचे मालक आहेत, निदान घरच्या मोलकरणीचे तरी. त्यांना पोछा व स्टूल घ्यायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

गोळी घेणाऱ्याला आम्ही हसत नाही. सकाळी उठून कामावर जायचेच आहे, म्हणून माणूस आशा विकत घेतो. त्याने ती डोळे उघडे ठेवून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे. आधी निदान करून घ्यावे, मग मांडीला बळ द्यावे, ताटात डाळ-अंडे वाढवावे, ओझे कमी करावे. आणि एवढे करून पैसा उरला तर गोळीचा विचार करावा. हा क्रम ज्याने उलटा केला, त्याचा पैसा जातो आणि दुखणे राहते.